उन्हाळ्याचा जमाखर्च : पन्हे, सत्तू आणि नीर मोर

चैत्र उजाडला की मंडईत हिरव्यागार कैऱ्यांचे ढीग दिसू लागतात. महाराष्ट्रातील घरोघरी चैत्रगौर बसते. हळदीकुंकवाला आलेल्यांच्या हाती आंब्याची डाळ आणि पन्ह्याचा पेला दिला जातो. अक्षय्य तृतीयेपर्यंत हा क्रम चालू राहतो. याच सुमारास तामिळनाडूत रामनवमीला पानकम् आणि नीर मोर वाटले जाते, ओडिशात पणा संक्रांतीला बेलाचा पणा केला जातो आणि बिहारमध्ये सतुआनीच्या दिवशी सत्तू व कैरी खाल्ली जाते.

बँकेच्या नोकरीत बदली ठरलेलीच. रत्नागिरीचे कुटुंब पाटण्याला जाते, नागपूरचे भुवनेश्वरला, तर चेन्नईचे पुण्याला येते. नव्या गावी भाषा वेगळी, भाज्यांची नावे वेगळी. परंतु पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या घरून आलेला पेला ओठांना लावला की ओळख पटते. आंबट, किंचित खारट, जिभेवर रेंगाळणारी ती चव परकी वाटत नाही. त्याचे एक कारण शब्दातही दडलेले आहे. मराठीतील पन्हे, हिंदीतील पना, ओडियातील पणा आणि दक्षिणेतील पानकम् ही सारी ‘पानक’ या एकाच संस्कृत शब्दाची भावंडे होत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही पानकांचे वर्णन आढळते.

इतक्या दूरदूरच्या स्वयंपाकघरांनी उन्हाळ्यावर एकच तोड काढावी, यामागे शरीराच्या जमाखर्चाचे साधे गणित आहे.

घाम : शरीराचा खर्च

बाहेरचे तापमान वाढले की शरीर स्वतःला थंड ठेवण्यासाठी घाम सोडते. त्वचेवरील एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला तासाभरात एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम येऊ शकतो. मुंबई, चेन्नईसारख्या दमट हवेच्या शहरांत घाम येतो खरा, पण तो लवकर वाळत नाही. त्यामुळे खर्च होऊनही पुरेसा गारवा मिळत नाही.

घामाबरोबर पाणी जाते, तसे मीठही जाते. अशा वेळी केवळ साधे पाणी पीत राहिल्याने हिशेब पुरा होत नाही. मीठ, पाणी आणि थोडीशी साखर एकत्र पोटात गेली, तर लहान आतड्यातून मिठातील सोडियम आणि साखरेतील ग्लुकोज जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात जाते. सन १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली होती. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. याच तत्त्वावरील जलसंजीवनी पुढे जगभर स्वीकारली गेली. डॉ. महालनबीस यांना सन २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

पन्हे म्हणजे जलसंजीवनी नव्हे. परंतु पाणी, मीठ, गोडवा हा मेळ तोच आहे. कैरी, लिंबू, आमसूल यांच्या आंबटपणामुळे तोंडाला चव येते आणि मनुष्य एरवी प्याला नसता इतके पाणी सहज पितो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या लाटेविषयीच्या सूचनांमध्ये जलसंजीवनीच्या बरोबरीने लस्सी, ताक, लिंबूपाणी आणि तोराणी या घरगुती पेयांचा उल्लेख आहे. तोराणी म्हणजे भात भिजवून ठेवलेले आंबूस पाणी. ओडिशातील पखाळ-भाताबरोबर ते आवडीने प्यायले जाते.

घरच्या घरी : सहा कृती

१. कैरीचे पन्हे

साहित्य : मध्यम आकाराच्या दोन कैऱ्या, किसलेला गूळ, अर्धा चहाचा चमचा मीठ, वेलदोड्याची पूड, आवडीप्रमाणे केशर.

कृती : कैऱ्या धुऊन, देठाकडचा भाग कापून चीक काढून टाकावा. कुकरमध्ये मऊ शिजवून घ्याव्यात. गार झाल्यावर साल व कोय काढून गर मोजावा. एक वाटी गराला एक ते सव्वा वाटी गूळ, मीठ व वेलदोडा घालून चांगले घोटावे. एका पेल्याला दोन मोठे चमचे गर घेऊन थंड पाणी घालावे. उत्तर भारतात कैरी निखाऱ्यावर भाजून घेतात आणि वेलदोड्याऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळे मीठ व वाटलेला पुदिना घालतात. मधुमेह असणाऱ्यांसाठी या दुसऱ्या पद्धतीने, गोड न घालता केलेले पन्हे अधिक योग्य. गर काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा व चार-पाच दिवसांत संपवावा.

२. आंब्याची डाळ

साहित्य : एक वाटी चणाडाळ, अर्धी वाटी किसलेली कैरी, दोन-तीन हिरव्या मिरच्या, दोन मोठे चमचे ओले खोबरे, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर, फोडणीसाठी तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता.

कृती : डाळ चार-पाच तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, मिरच्यांसह भरडसर वाटावी. तीत कैरी, खोबरे, मीठ व साखर मिसळावी. फोडणी करून, ती गार झाल्यावर वर घालावी व कोथिंबीर पेरावी. कैरी शिजविल्यावर तिच्यातील क जीवनसत्त्व काही प्रमाणात नष्ट होते. येथे ती कच्चीच असल्याने ते टिकून राहते. कच्ची डाळ ज्यांना पचावयास जड जाते, त्यांनी वाटलेली डाळ दहा मिनिटे वाफवून घ्यावी. हा पदार्थ उन्हाळ्यात लवकर आंबतो. म्हणून त्याच दिवशी संपवावा.

३. बिहारी सत्तूचे सरबत

साहित्य : भाजलेल्या हरभऱ्याचे सत्तूपीठ तीन मोठे चमचे, एक मोठा पेला पाणी, अर्धे लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळे मीठ, बारीक चिरलेला कांदा, पुदिना.

कृती : पिठात प्रथम थोडे पाणी घालून गुठळ्या मोडाव्यात, मग उरलेले पाणी ओतावे. बाकीचे साहित्य घालून ढवळावे. सत्तू तळाशी बसतो, म्हणून पिताना पुन्हा हलवून घ्यावे. हरभऱ्याच्या सत्तूत सुमारे वीस टक्के प्रथिने असतात. त्यामुळे हे पेय तहान भागविते आणि पोटालाही आधार देते. सकाळी लवकर घराबाहेर पडणाऱ्यांना न्याहारी म्हणूनही ते चालते.

४. नीर मोर

साहित्य : एक वाटी ताजे दही, तीन वाट्या पाणी, आल्याचा लहान तुकडा, अर्धी हिरवी मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर, चिमूटभर हिंग, मीठ.

कृती : आले, मिरची, कढीपत्ता व मीठ खलबत्त्यात ठेचून घ्यावे. दही घुसळून त्यात पाणी व ठेचा घालावा. दहा मिनिटांनी गाळून हिंग व कोथिंबीर घालावी. तामिळ भाषेत ‘नीर’ म्हणजे पाणी व ‘मोर’ म्हणजे ताक. नावाप्रमाणेच हे ताक पातळ असावे. दाट ताक पोट भरते, पातळ ताक तहान भागविते.

५. पानकम्

साहित्य : चार पेले पाणी, पाऊण वाटी गूळ, अर्धा चहाचा चमचा सुंठ, वेलदोडा, चिमूटभर मिरपूड व मीठ, एक लिंबू, तुळशीची पाने.

कृती : गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा व उरलेले साहित्य मिसळावे. यात काहीही शिजवावे लागत नाही. आंध्र प्रदेशातील मंगळगिरी येथील नृसिंहाला पानकम् अर्पण करण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. आपल्याकडे रामनवमीला मिळणाऱ्या सुंठवड्याची आठवण करून देणारी ही चव आहे.

६. सोलकढी

साहित्य : दहा-बारा आमसुले, एक नारळ, लसणीच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर.

कृती : आमसुले वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावीत व पाणी गाळून घ्यावे. नारळ, लसूण, मिरची एकत्र वाटून दोन वाट्या दूध काढावे. दोन्ही एकत्र करून मीठ व कोथिंबीर घालावी. सोलकढी गरम करू नये आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. नारळाचे दूध लवकर नासते. कोकणाबाहेर राहणाऱ्यांनी गावाहून येताना आमसुले आणली, तर ती वर्षभर पुरतात.

खर्च पाहून जमा

या पेयांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. जेवढा खर्च झाला असेल, तेवढीच जमा हवी. भर दुपारी शेतावर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्याला गूळ-मीठ घातलेले दोन पेले पन्हे उपकारक ठरतात. दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला त्याच दोन पेल्यांतून केवळ अनावश्यक साखर आणि मीठ मिळते. त्याच्यासाठी माठातील साधे पाणी, पातळ ताक व काकडी, कलिंगड यांसारखी रसदार फळे पुरेशी आहेत. पेय फार गोड झाले, तर आतड्यात उलट पाणी ओढले जाते व तहान भागण्याऐवजी वाढते. बाजारातील गोड शीतपेयांचा दोष नेमका हाच.

गूळ साखरेपेक्षा निर्धोक, असा समज रूढ आहे; परंतु रक्तातील साखर वाढविण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ व पाणी यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात कधीही ठेवू नयेत. स्टील, काच किंवा चिनी मातीची भांडी वापरावीत. पाणी उकळून गार केलेले असावे. बाहेरून आणलेला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही. म्हणून तो टाळावा.

जुलाब-उलट्या होत असतील, तर पन्ह्यावर विसंबू नये. औषधाच्या दुकानातील जलसंजीवनीचे पाकीट हाताशी असणे उत्तम. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. उन्हातून आलेल्या माणसाचे अंग तापले असेल, तो असंबद्ध बोलत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा माणसाच्या तोंडात कोणतेही पेय ओतू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे.

दारातला पेला

सन २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेने अहमदाबादेत मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर सन २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याचा स्वतंत्र आराखडा तयार केला आणि पुढे देशातील अनेक शहरांनी तो कित्ता गिरविला. सन २०१६ मध्ये राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा उन्हाळ्यात सर्वांत अधिक झळ पोहोचते ती ज्यांना घरात बसणे परवडत नाही त्यांना.

म्हणूनच आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानले गेले आणि चैत्रातले पन्हे घरच्यांबरोबर दारी येणाऱ्यालाही दिले गेले. शाखेच्या दाराशी दिवसभर उभा असणारा सुरक्षारक्षक, टपाल घेऊन येणारा पोस्टमन, कर्जवसुलीसाठी गावोगाव फिरून परतलेला सहकारी, निवृत्तिवेतनासाठी उन्हातून आलेले वृद्ध खातेदार या सर्वांच्या घामाचा खर्च मोठा असतो. दोन कैऱ्या, थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ यांतून आठ-दहा पेले पन्हे होते. पुढच्या वेळी कैऱ्या शिजत घालताना दोन जास्त घालाव्यात. त्यातले पन्हे शाखेच्या दारापर्यंत नक्की पोहोचेल.