लहान मुलांची गिटार

लहान मुलांची गिटार म्हणजे लहान हाताला व शरीराला पेलेल अशा बेताने घडवलेली, प्रमाण गिटारपेक्षा आखूड तारांची गिटार होय. ती खेळणे नसून पूर्ण वाद्य असते. तिला सहा तारा आणि प्रमाण गिटारसारखेच पडदे, म्हणजे फ्रेट, असतात. व्हायोलिनप्रमाणे तिचेही पाव, अर्धी आणि पाऊण असे आकार प्रचलित आहेत.

आकार व मापे

आकारांची ही नावे शब्दशः घ्यावयाची नसतात. प्रमाण अभिजात गिटारमध्ये मानेच्या वरच्या टोकापासून घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण ६५० मिमी असते. पाऊण गिटारमध्ये ती सुमारे ५८० मिमी, तर अर्ध्या गिटारमध्ये सुमारे ५३० मिमी भरते. म्हणजे ‘अर्धी’ गिटारही प्रमाण लांबीच्या चार-पंचमांशाहून मोठी असते. उत्पादकांगणिक मापे बदलत असल्याने नावापेक्षा प्रत्यक्ष लांबी पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

तारेच्या लांबीनुसार पडद्यांमधील अंतर बदलते. मानेच्या टोकापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर प्रमाण गिटारवर सुमारे १३४ मिमी, पाऊण गिटारवर १२० मिमी आणि अर्ध्या गिटारवर १०९ मिमी असते. प्राथमिक धड्यांतील बहुतेक स्वर याच पट्ट्यात येत असल्याने लहान बोटांसाठी हा फरक मोठा असतो.

ढोबळमानाने पाच ते आठ वर्षांच्या मुलांना अर्धी आणि आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना पाऊण गिटार सोयीची पडते. मात्र वयापेक्षा उंची व हाताची लांबी निर्णायक असते. मूल ताठ बसले असता उजवा खांदा वर न उचलता हात तारांवर यावा आणि डावा हात कोपर पूर्ण न ताणता पहिल्या पडद्यापर्यंत पोहोचावा.

तारा

अभिजात गिटारला पूर्वी आतड्याच्या तारा लावल्या जात. १९४० च्या दशकात अल्बर्ट ऑगस्टीन यांनी स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. नायलॉनच्या तारांचा एकूण ताण पोलादी तारांच्या साधारण निम्मा असतो व त्या बोटांना कमी रुततात. नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारला पोलादी तारा लावू नयेत. वाढलेल्या ताणाने घोडी उखडू शकते.

खरेदीपूर्वीची तपासणी

तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर त्या दाबण्यास जोर लागतो. बाराव्या पडद्यावर ही उंची ३ ते ४ मिमीच्या आसपास असावी. त्याच पडद्यावर दाबून वाजवलेला स्वर मोकळ्या तारेच्या स्वराहून बरोबर एक सप्तक वर यावा. तसे नसल्यास खुंट्या कितीही पिळल्या तरी वाद्य सर्वत्र सुरात लागत नाही. मानेच्या कडेवरून बोट फिरवले असता पडद्यांची टोके टोचू नयेत.

हवामानाचा परिणाम

लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आक्रसते. नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर पावसाळी हवा, हिवाळ्यात थंड रात्री आणि एप्रिल-मे महिन्यांत कोरडा उन्हाळा असतो. त्यामुळे एकाच गिटारच्या तारा पावसाळ्यात उंच झालेल्या, तर उन्हाळ्यात पडद्यांची टोके बाहेर आलेली आढळू शकतात. अखंड लाकडाच्या तुलनेत थरांच्या लाकडाची गिटार असे बदल अधिक सोसते. पहिल्या वाद्यासाठी ती पुरेशी असते. उन्हात उभ्या मोटारीत गिटार ठेवल्यास सांध्यांचा डिंक सैल होऊ शकतो.

गैरसमज

वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत तशी मोठी गिटार घेतल्यास ती पुढे उपयोगी पडेल, असा समज आढळतो. कपडे ढगळ असले तरी घालता येतात. हाताला न पुरणाऱ्या गिटारवर मात्र मनगट वाकडे करून, खांदा उचलून वाजवावे लागते, बोटे दुखतात आणि स्वर स्वच्छ उमटत नाही. अशा वेळी मुलाला ‘संगीताचे अंग नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. दोष प्रत्यक्षात वाद्याच्या मापाचा असू शकतो. योग्य मापाची छोटी गिटार काही वर्षांनी अपुरी पडते, तेव्हा ती धाकट्या भावंडाला देता येते.