जमिनीची जात आणि मुळांची तहान

सिकंदराबादच्या मोंडा बाजारात हिवाळ्यात गाजरांचे ढीग लागतात. गिऱ्हाईक सरळ गाजर उचलते व फाटे फुटलेले बाजूला सारते. शेतकऱ्याचे मोल तेथेच घटते. पुष्कळजण बियाण्यास बोल लावतात. परंतु बहुधा दोष जमिनीचा असतो.

गाजर, मुळा, बीट यांचे मूळ हेच पीक होय. खाली जाताना मुळाच्या टोकास दगड, घट्ट थर किंवा न कुजलेले शेणखत आडवे आले, म्हणजे टोक दुखावते व मूळ फाटे फोडते. यास्तव जमीन निदान वीतभर खोल भुसभुशीत हवी.

या भागात जमिनी मुख्यतः दोन प्रकारच्या : तांबडी, जिला तेलंगणात ‘चलका’ म्हणतात, आणि काळी, म्हणजे ‘रेगडी’. पाटणचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेच्या शेतावर दोन्ही आढळतात. संस्थेचे संशोधन ज्वारी, तूर, भुईमूग अशा कोरडवाहू पिकांवर असले, तरी या दोन जमिनींचे स्वभाव तेथे बारकाईने अभ्यासले गेले आहेत.

तांबड्या जमिनीत पाणी लवकर मुरते, पण फार टिकत नाही. पावसाच्या माऱ्याने तिच्यावर कठीण पापुद्रा धरतो आणि गाजराचा नाजूक अंकुर खालीच कोंडतो. तिला पाणी थोडे, पण वारंवार द्यावे. काळी जमीन पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. मात्र पाणी साचले की हवा कोंडते व मुळे कुजतात, आणि सुकली की भेगा पडून ओल उडून जाते. म्हणून तेथे वरंब्यावर लागवड करावी व पाणी अधिक दिवसांच्या अंतराने द्यावे. दीर्घ ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिल्यास मात्र गाजर उभे तडकते.

येथील भूगर्भ कठीण ग्रॅनाइटचा. विहिरीचे पाणी मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांत साठेल तेवढेच. जादा पाणी तांबड्या जमिनीत खत घेऊन मुळांच्या आवाक्याखाली जाते, तर काळीत पिकाचाच घात करते.

तेव्हा मोट, पंप वा ठिबक, साधन कोणतेही असो, पाणी सोडण्यापूर्वी वीतभर खोलीची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा होऊन बोटाने सहज फुटला, तर जमीन वाफशावर आहे. पाण्याची घाई नको. गोळाच होईना, तर मुळे तहानली आहेत असे समजावे.