कपाटावरचा जुना नॅस

ठाण्यात नौपाड्याच्या गल्ल्यांत, डोंबिवलीत फडके रोडच्या आसपास, कल्याणला मुरबाड रोडवर लहान ऑफिसांची दाटी आहे: सीए, आर्किटेक्ट, दवाखाने, फोटो स्टुडिओ. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी कपाटावर, राउटरशेजारी, पुस्तकाएवढा एक डबा दिवे लुकलुकवत बसलेला असतो. हा नॅस. ऑफिसात मात्र कुणी त्याला सर्व्हर म्हणतं, कुणी नुसतंच ‘झेड ड्राइव्ह’. आत एखाद-दुसरी हार्ड डिस्क, छोटा प्रोसेसर, त्यावर लिनक्स आणि मागे लॅनची केबल. लग्नांचे अल्बम, इमारतींचे नकाशे, अशिलांची विवरणपत्रं असं सगळं त्याच्या पोटात. महावितरणची वीज गेली-आली, तरी यूपीएसच्या जिवावर तो वर्षानुवर्षं चालतो.

मग विंडोज ११ चा नवा संगणक येतो आणि झेड ड्राइव्ह उघडत नाही. ‘०एक्स८००७००३५, नेटवर्क पाथ सापडला नाही’ असा संदेश येतो. डबा गेला असं समजून लोक लॅमिंग्टन रोडला निघतात. माझं सांगणं, आधी थांबा. डबा बहुधा ठणठणीत असतो.

फाइल मागायची आणि द्यायची संगणक आणि डबा या दोघांची ठरलेली पद्धत असते, तिचं नाव एसएमबी. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती घडवली. पुढे कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस ज्या प्रोग्रॅमची सुरुवात केली, त्यातून सांबा उभं राहिलं. बहुतेक नॅसमध्ये हेच सांबा असतं. जुन्या डब्यांतलं सांबाही जुनं, आणि त्यातल्या अनेकांना एसएमबीची पहिली आवृत्तीच येते.

ती आवृत्ती नव्या विंडोजने का सोडली, याचं उत्तर आपल्या फार लांबचं नाही. तिच्यातली एक भगदाडं पाडणारी त्रुटी मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये बुजवली, पण जगभर असंख्य संगणक तसेच राहिले. मे महिन्यात याच त्रुटीतून पसरणारा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची यंत्रणा कोलमडली तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलवर कंटेनरची चढउतारही खोळंबली. नॉटपेट्याने पसरायला ज्या वाटा वापरल्या, त्यांत ही त्रुटी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबी १ आपोआप बसवणं बंद झालं. त्यामुळे नवा संगणक नकार देतो तेव्हा तो योग्यच करत असतो. रागवायचंच तर त्या कंपन्यांवर रागवावं, ज्या डिस्क धडधाकट असताना चार-पाच वर्षांत फर्मवेअर देणं थांबवतात.

शोध क्रमाने घ्यावा. राउटरच्या पानावर नॅसचा आयपी पत्ता बघायचा आणि त्याला पिंग करायचं. उत्तर आलं की केबल आणि डबा दोन्ही ठीक. ‘नेटवर्क’च्या खिडकीत डबा दिसत नाही म्हणून घाबरू नये; ती जुनी यादी एसएमबी १ वरच चालायची. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन आयपी टाकावा. पासवर्ड न मागता उघडणारे जुने शेअर विंडोज ११ च्या २४एच२ प्रो आवृत्तीत अडतात, कारण तिथे पाहुण्याला प्रवेश नाही आणि देवाणघेवाणीवर डिजिटल सही सक्तीची आहे. नॅसवर नाव-पासवर्ड असलेला खातेदार तयार केला की यातला पहिला अडसर सुटतो. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचा डबा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबीची कमाल आवृत्ती निवडता येते. ती २ किंवा ३ करून बघावी. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

नाहीच भागलं तर ‘विंडोज फीचर्स’ची यादी उघडायची. एसएमबी १.० च्या खाली तीन चौकोन दिसतात: क्लायंट, सर्व्हर आणि आपोआप काढून टाकणं. टिक फक्त क्लायंटवर करायची, सर्व्हरला हातही लावायचा नाही. संगणक रीस्टार्ट करून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या, आणि काम झालं की टिक काढायची. ही सोय डेटा सोडवण्यापुरती आहे, रोजच्या वापरासाठी नाही. तेवढा वेळ डब्याला इंटरनेटही देऊ नये. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह हे जुने डबे इंटरनेटवरून कुणीतरी पुसून टाकले. त्यांना अपडेट मिळणं २०१५ मध्येच थांबलं होतं.

एक गोष्ट मात्र कुणी करू नये: डिस्क काढून थेट विंडोजला जोडणं. ती लिनक्सच्या पद्धतीने मांडलेली असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅट करू का असं विचारतं, आणि घाईत ‘हो’ दाबलं जातं. डिस्क वाचायचीच असेल तर लिनक्स जाणणाऱ्याकडे न्यावी.

सीएंच्या ऑफिसात उतरवलेल्या फाइली नीट तपासूनच डबा बंद करावा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, आणि पाच-सहा वर्षांपूर्वीच्या त्या नोंदींची एकुलती एक प्रत अनेकदा त्या डब्यातच असते.