मोत्याने चिंच खाल्ली

परभणीच्या वसमत रस्त्यावर राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र चैत्राच्या अखेरीस आमच्याकडे आले. अंगणात गोणपाटावर पसरलेली, टरफले काढलेली परंतु चिंचोके अद्याप न काढलेली चिंच त्यांच्या मोत्या नावाच्या कुत्र्याने, घरची मंडळी दुपारी लवंडली असताना, मनसोक्त खाल्ली. सायंकाळपर्यंत त्यास तीन वेळा वांती झाली. आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांनी, चिंचेने आजवर कोणाचे वाईट झाले आहे काय, असे म्हणून त्यांची समजूत घातली. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता : चिंच कुत्र्याला बाधते काय?

२०२१ सालापूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर जाणत्या पशुवैद्यानेही बहुधा शेजाऱ्यांचीच री ओढली असती. आज मात्र बाधते, असेच उत्तर द्यावे लागते. आणि ते उत्तर हाती लागले ते द्राक्षांच्या वाटेने.

द्राक्षे किंवा बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांना प्रथम वांत्या होतात, मग ती मलूल पडतात, आणि एक ते तीन दिवसांत त्यांची लघवी कमी होत होत बंद पडते, ही गोष्ट अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या दफ्तरात, तेथे रात्रंदिवस दूरध्वनीवर सल्ला देणाऱ्या पशुवैद्यांच्या नोंदींतून, विसाव्या शतकाच्या अखेरीस ठळक होऊ लागली. फवारणीचे औषध म्हणावे तर ते सापडेना. बुरशी म्हणावी तर तीही सापडेना. एक कुत्रा वाटीभर द्राक्षे पचवी आणि दुसरा मूठभर बेदाण्यांनी दगावे. हे कोडे वीस वर्षे तसेच राहिले. मग त्या केंद्रातील कोलेट वेगेनास्ट यांच्यापुढे एक प्रकरण आले. मुलांना खेळण्यासाठी घरी मळलेली, रंगीत कणकेसारखी माती एका कुत्र्याने खाल्ली होती. अशा मातीत मीठ भरपूर असते, म्हणून मिठाच्या बाधेची लक्षणे अपेक्षित होती. प्रत्यक्षात दिसली ती मूत्रपिंडे निकामी झाल्याची, हुबेहूब द्राक्षांसारखी. वेगेनास्ट यांनी त्या मातीचा जिन्नसवार तपशील काढला, आणि त्यात त्यांना 'क्रीम ऑफ टार्टार' ही बेकरीवाल्यांच्या नित्य वापरातली पांढरी पूड आढळली. ही पूड म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि टार्टारिक आम्ल म्हणजे द्राक्षाचे मुख्य आम्ल. हे आम्ल भरपूर असलेले दुसरे फळ कोणते, असे शोधता चिंच पुढे आली, आणि चिंच खाऊन तशीच आजारी पडलेली कुत्रीही नोंदींत सापडली. द्राक्षात ते शेकडा एकाच्या आगेमागे असते. चिंचेच्या गरात शेकडा आठपासून अठरापर्यंत.

या आम्लाचे नाव निघाले की आम्हांस कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश औषधविक्रेत्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मद्याच्या पिंपांच्या तळाशी जमणारा खडा घेऊन, त्यावर खडूची आणि मग गंधकाम्लाची क्रिया करून, त्याने १७६९ साली टार्टारिक आम्ल शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पण ती हकीकत १७७० साली जगापुढे आली ती रेट्झियस या त्याच्या मित्राच्या लेखातून. प्राणवायूही त्याने प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाच्या आधी मिळवला होता. ग्रंथ छापून निघण्यास मात्र १७७७ साल उजाडले, आणि तोवर श्रेय दुसरीकडे गेले. विद्यापीठाची पदवी नाही, पदरी द्रव्य नाही, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बसून निसर्गाची एकामागून एक गुपिते उलगडणारा हा मनुष्य शाळेच्या पुस्तकांत एका ओळीचा धनी व्हावा, याची आम्हांस मनापासून खंत वाटते. हाती येणारा प्रत्येक पदार्थ जिभेवर ठेवून त्याची चव नोंदवण्याची त्याची रीत होती, आणि विषारी द्रव्यांच्या त्या सहवासानेच बहुधा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १७८६ मध्ये, त्याचा अंत झाला.

आपण आयुष्यभर चिंचेचे सार पितो, मग कुत्र्यानेच काय अपराध केला? या प्रश्नावर प्रकाश पडला तोही एका कुत्रीमुळे. १९५८ साली मॅडिन आणि डार्बी या दोघा शास्त्रज्ञांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रात वाढवल्या. त्या पेशींचा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. या पेशींवर टार्टारिक आम्ल घातले असता त्या मरतात, माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी मात्र तगतात. आणि माणसाच्या पेशीतील एक वाहक प्रथिन कुत्र्याच्या पेशीत घातले की तीही तगते. जणू आत येण्याचा दरवाजा दोघांकडे आहे, बाहेर जाण्याचा मात्र कुत्र्याकडे नाही. तथापि, एक मनुका म्हणजे मृत्यू, असा जो बोभाटा मोबाइलवरून फिरतो, त्यास आधार नाही. फळाची जात, त्याची पक्वता, कुत्र्याचे वजन यांप्रमाणे परिणाम बदलतो. पण बदलतो म्हणूनच अंदाजावर विसंबता येत नाही, हेही तितकेच खरे.

धोका चिंचेपुरताच नाही, कारण कुत्रा चावून खात नाही, गिळतो. त्याचा जबडा कातरीसारखा वर-खाली चालतो, आपल्यासारखा आडवा फिरून घास दळत नाही. वास पसंत पडला की घास घशाखाली. म्हणून आमरसाच्या दिवसांत कोय गिळली जाते, अन्ननलिकेतून सुखरूप उतरते आणि आतड्यात अडकून बसते; म्हणून शिवणाच्या डब्यातील दोरा सुईसकट पोटात जातो. असा दोरा तोंडातून लोंबताना दिसला तर तो कदापि ओढू नये, कारण त्याचे दुसरे टोक आत गुंतलेले असल्यास तो आतड्यास करवतीप्रमाणे कापतो. घड्याळातील बटणासारखा सेल अन्ननलिकेत अडकला, तर विजेच्या प्रवाहाने तेथल्या ओलाव्यात दाहक अल्क तयार होते आणि दोन तासांच्या आत नलिका जळते. आपल्या कापसाच्या मुलखात जनावरांसाठी घरोघर असणारी सरकीही निर्धोक नव्हे. तिच्यातील गॉसिपॉल कुत्र्याच्या हृदयास घातक असते.

उंदीर मारण्याच्या काळ्या पुडीविषयी मात्र थोडे थांबून सांगणे अगत्याचे आहे. त्यातील झिंक फॉस्फाइड जठराच्या आम्लाशी मिळाले की फॉस्फीन हा विषारी वायू निघतो, आणि पोटात अन्न गेले की आम्ल अधिक पाझरते. म्हणजे अशा वेळी विषाचा उतारा म्हणून मायेने भाकरी चारणारा हात विषालाच बळ देत असतो. कुत्र्याने ओकारी केली तर खोलीची दारे-खिडक्या उघडाव्यात, कारण तो वायू माणसालाही बाधतो. मिठाचे पाणी पाजून वांती करवण्याची रीतही सोडून द्यावी. त्या मिठानेच कुत्री दगावतात.

तेव्हा चिंचेची बरणी, सुईदोऱ्याचा डबा, पुड्या हे सारे उंच फळीवर ठेवण्याची तजवीज करावी, आणि तरीही कुत्र्याने काही गिळलेच, तर लक्षणांची वाट न पाहता त्यास दवाखान्यात न्यावे. परभणीकरांना तर पशुवैद्यकीय महाविद्यालय गावातच लाभले आहे. जाताना वेष्टन, उरलेला पदार्थ, आणि काय, किती, केव्हा खाल्ले याची इत्थंभूत हकीकत बरोबर न्यावी. वीस वर्षांचे कोडे सुटले ते अशाच एका हकीकतीमुळे.

आमच्या पत्रलेखिका भगिनींनी शेजाऱ्यांचे ऐकून घेतले, पण मोत्याला त्याच संध्याकाळी रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. किती खाल्ली असेल, असे डॉक्टरांनी विचारताच त्यांनी पदराची गाठ सोडून वांतीतून निवडलेले, धुतलेले चिंचोके टेबलावर ठेवले. तेवीस होते. डॉक्टरांनी ते दोनदा मोजले, मोत्याचे वजन केले, आणि सलाइनची बाटली टांगण्यास सांगितले.