तीन जन्मांची बंदूक

दिवाळीत गच्चीवरून सोडलेला बाण आभाळात फुटला, की घरातली आजीसुद्धा कौतुकाने वर पाहते. परंतु अशाच एका रंगीत ताऱ्याकडे जीव मुठीत धरून डोळे लावलेली माणसेही होती! ही हकीकत पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्सची. आणि ते तारे उडवीत होत्या काही म्हाताऱ्या, मोडीत निघालेल्या बंदुका.

१८६६ साली फ्रेंच सैन्याने ‘शासपो’ रायफल स्वीकारली. तिचे काडतूस कागदी. १८७० च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात ती लढली. हा पहिला जन्म. १८७४ मध्ये ग्रा नावाच्या अधिकाऱ्याची धातूच्या काडतुसाची रायफल आली, तेव्हा अनेक शासपोंना बदलून ‘ग्रा’ करण्यात आले. हा दुसरा. १८८६ च्या ‘लेबेल’ने धूररहित दारू आणली आणि ग्रा अडगळीत गेली.

मग १९१४ उजाडले. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटत, निरोप्या वाटेतच पडे. १९१६ च्या जूनमध्ये व्हर्दंजवळच्या व्हो किल्ल्यात अडकलेल्या मेजर रेनालने तर मदतीचा निरोप आपल्या शेवटच्या कबुतराबरोबर धाडला! अशा वेळी खंदकातून ठरलेल्या रंगाचा तारा उडाला, की मागच्या तोफखान्याने मारा सुरू करायचा किंवा पल्ला वाढवायचा. खूण हुकली, तर आपलेच गोळे आपल्याच माणसांवर.

असे तारे उडवण्यासाठी जुन्या ग्रांची लांब नळी जाऊन आखूड, जाडजूड नळी आली. बोल्ट आणि घोडा जुनेच. हा तिसरा जन्म! जर्मनांनीही आपल्या १८७१ च्या माउझरांचे असेच केले.

आज संग्राहक या बंदुका शोधून जपतात. त्यात पारखही हवी. जुनी रायफल काल-परवा कापून ‘युद्धातली’ म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. दस्त्याच्या कापलेल्या कडेचे लाकूड बाकीच्यासारखे काळवंडले आहे का, हे पाहावे लागते. उलट मोह असा, की मूळची नळी मिळवून तिला पुन्हा ‘देखणी’ करावी.

तो मोह टाळलेलाच बरा. आजीच्या लुगड्याचा परकर होतो, परकराची गोधडी होते. गोधडी उसवून लुगडे काही परत मिळत नाही. ऊब मात्र जाते.