डोळ्याची जागा

सिरोंच्यात सकाळचे नऊच वाजलेत, पण एप्रिलचं ऊन आत्ताच भाजतंय. २०२४ ची लोकसभा. मतदान १९ तारखेला, आमच्याकडे सकाळी ७ ते दुपारी ३. जंगलातल्या बूथवर आम्हाला हेलिकॉप्टरनं नेतायत. हेलिपॅडच्या कडेला मतदान यंत्रांच्या पेट्या वजनकाट्यावर चढतायत. प्राणहितेकडून वाऱ्यावर मोहाचा वास येतोय.

वैमानिक नुकतेच बदललेत. आधीचे सहा फुटी, हे माझ्या खांद्याएवढे. पंखा अजून थांबलेलाच आहे, म्हणून पोलीस मला दारापाशी उभं राहू देतात. साहेब उजव्या खुर्चीत बसतात आणि पहिला हात घालतात तो खुर्चीखाली. खट्. खुर्ची जराशी वर. पाठ टेकून समोर बघतात. पुन्हा खट्.

"मान उंच केली तर नाही चालत?" मी विचारतो.

"चालतं की गुरुजी, पाच मिनिटं. मग मान दमते, आपसूक खाली येते. समोरची जमीन या पॅनेलच्या कडेआड जाते, आणि आपल्याला कळतही नाही."

"मग एकदम वरच घ्यायची."

"मग वरची मीटरं याच कडेखाली दडतात. डोळा अशा जागी हवा, की बाहेरचंही दिसेल आणि आतलंही. ती जागा बनवणाऱ्यानं आधीच धरलेली असते. माणसं लहानमोठी, म्हणून खुर्ची हलते. एअरबसमध्ये तर समोर छोटे गोळे असतात. पांढऱ्याआड लाल झाकला, की डोळा जागेवर."

खुर्ची वर गेल्यानं पाय तोकडे पडतात. ते पेडल जवळ घेतात, डावं पूर्ण दाबतात, मग उजवं. गुडघा तरीही किंचित वाकलेलाच. उजवा हात मांडीवर टेकून स्टिकवर, डावा न वाकता बाजूच्या दांड्यावर. शेवटी अंग पुढंमागं हिसडून खुर्ची अडकलीय का बघतात.

"हवेत ही घसरली, तर हातातली स्टिकही सोबत ओढली जाते."

पुन्हा समोर बघतात आणि थबकतात. बोट वर करून पोलिसाला खूण करतात. नाकासमोरच्या खोलगट गवतात एक तांबडी शेळी बसलीय, निवांत रवंथ करत.

पोलीस काठी आपटत धावतो. शेळी कुंपणाकडं पळते.

"मघाशी नव्हती दिसली," साहेब म्हणतात आणि पट्टा आवळतात.