अम्माऊसचे भोजन : एका खोट्या चित्राची खरी कथा

रहस्यकथेचे नाव निघताच पालकांच्या कपाळास आठी पडते आणि विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात. परंतु सर्वच रहस्यकथांत खून व रक्तपात असतो, असे मात्र नाही. एखादे बनावट चित्र, त्यास खरे मानणारी भली माणसे, आणि शेवटी सत्य उघडकीस आणणारा एखादा बारीकसा पुरावा, एवढ्याच सामग्रीवर कित्येक निर्मळ कादंबऱ्या रचल्या गेल्या आहेत. अशा कादंबऱ्यांस शोभेल अशी एक घटना हॉलंड देशात खरोखरच घडली. ती आमच्या वाचकांस समजावून सांगावी, असे आम्ही योजिले आहे.

सतराव्या शतकात हॉलंडमधील डेल्फ्ट नगरात योहानेस व्हर्मीर नावाचा थोर चित्रकार होऊन गेला. तो 1675 साली वारला. त्याची म्हणून आज मानली जाणारी चित्रे 35 च्या आसपासच आहेत. त्यांतील बहुतेक घरगुती प्रसंगांची आहेत. पवित्र शास्त्रातील प्रसंगाचे, मार्था व मरीया ह्यांच्या घरी आलेल्या प्रभूचे, एक चित्र तेवढे प्रसिद्ध आहे. त्यावरून कित्येक विद्वानांनी असे अनुमान बांधले होते की, तरुणपणी व्हर्मीरवर इटलीतील कारावाज्जोच्या पद्धतीची छाप पडली असावी, व त्याने काढलेली आणखी काही धार्मिक चित्रे कोठेतरी अज्ञात पडून असावीत. हे अनुमान वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण सगळ्या कथेची किल्ली तेच आहे.

हान व्हान मेगरेन हा विसाव्या शतकातील एक डच चित्रकार. टीकाकारांनी आपली उपेक्षा केली, हे शल्य त्याच्या मनात होते. विद्वानांस ज्या चित्राची आशा लागून राहिली होती, तेच चित्र त्यांस करून द्यावे, असे त्याने ठरविले. त्याने विषय निवडला तो लूककृत शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायातील. पुनरुत्थानानंतर प्रभू अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांसोबत चालला, पण त्यांनी त्यास ओळखले नाही. भोजनास बसून त्याने भाकर मोडिली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. कारावाज्जोनेही हाच प्रसंग रंगविला होता.

आता त्याची कृती पाहू. नवे कापड वापरले तर ते तत्काळ उघडकीस येईल, म्हणून त्याने सतराव्या शतकातील एक जुने चित्र विकत घेतले व त्यावरचा बराचसा रंग खरवडून काढला. निळ्या रंगासाठी, व्हर्मीर वापरीत असे तसा, लाजवर्दाचा दगड कुटून घेतला. परंतु मोठी अडचण निराळीच होती. तैलरंग वरून लवकर वाळला तरी आतून पक्का घट्ट होण्यास कित्येक दशके लागतात. मद्यार्कात भिजविलेला कापूस जुन्या रंगावरून फिरविला तर तो रंग सुटत नाही; नवा मात्र सुटतो. ही परीक्षा चुकविण्यासाठी त्याने तेलाऐवजी, ज्यापासून बेकेलाइट होते त्या जातीची कृत्रिम राळ रंगांत कालविली, आणि चित्र भट्टीत भाजून काढिले. मग ते नळकांड्यावर गुंडाळून त्यास बारीक भेगा पाडल्या, व शतकांची धूळ बसली आहे असे दिसावे म्हणून त्या भेगांत शाई भरली.

सन 1937 मध्ये हे चित्र एका वकिलामार्फत अब्राहम ब्रेडियस ह्यांच्यापुढे आले. ब्रेडियस त्या वेळी 82 वर्षांचे होते व डच चित्रकलेचे थोर पंडित म्हणून सर्वमान्य होते. त्यांनी चित्र पाहिले आणि व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृती सापडली असे छापून जाहीर केले. रॉटरडॅमच्या बॉइमन्स संग्रहालयासाठी पाच लाखांहून अधिक गिल्डर देऊन ते विकत घेण्यात आले. 1938 साली लोक त्याच्या दर्शनास लोटले. वास्तविक एका मोठ्या कलाव्यापाऱ्याच्या माणसांनी ते पॅरिसमध्येच पाहून खोटे ठरविले होते. परंतु ब्रेडियस ह्यांच्या नावापुढे तो आवाज क्षीण ठरला.

पुढे महायुद्ध आले. त्याच हाताने केलेले आणखी एक चित्र, व्यभिचारिणी स्त्री व प्रभू ह्यांचे, जर्मनीच्या गोरिंगने घेतले व त्याच्या बदल्यात शंभराहून अधिक चित्रे दिली. सन 1945 मध्ये युद्ध संपल्यावर त्या चित्राचा माग काढीत अधिकारी व्हान मेगरेनपाशी पोहोचले. राष्ट्राचा ठेवा शत्रूस विकला, हा आरोप प्राणांवर बेतणारा होता. काही आठवडे कोठडीत काढल्यावर त्याने सांगितले की, ते चित्र व्हर्मीरचे नसून माझेच आहे, आणि अम्माऊसचेही माझेच!

वाचकहो, येथे न्यायाची रीत उलटी झाली. आरोपी आपण लबाड आहो हे सिद्ध करू पाहत होता, आणि कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा पहाऱ्यात बसून त्याने आणखी एक चित्र काढून दाखविले. मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसलेल्या बाल येशूचे. शास्त्रज्ञांच्या समितीने रंगांत कृत्रिम राळ ओळखली. व्हर्मीरच्या काळी बेकेलाइट कोठून असणार! गोरिंगच्या चित्रात तर कोबाल्टचा निळा रंगही सापडला, आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा शोध. नोव्हेंबर 1947 मध्ये न्यायालयाने त्यास एक वर्षाची शिक्षा दिली. ती भोगण्यापूर्वीच, 30 डिसेंबर 1947 रोजी, तो हृदयविकाराने वारला.

तरीही काही जण अम्माऊसचे चित्र खरेच आहे असे म्हणत राहिले. त्यांचे समाधान 1968 साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेने व्हावयास हरकत नव्हती. पांढऱ्या सफेत्यातील शिशामध्ये एक किरणोत्सर्गी प्रकार असतो. तो सुमारे 22 वर्षांत निम्मा होतो, पुढील 22 वर्षांत उरलेल्याचा निम्मा, आणि तीनशे वर्षांत जवळजवळ नाहीसा होतो. ह्या चित्रात तो पुष्कळ शिल्लक होता. अर्थात सफेता नवा होता.

आज ते चित्र पाहून कित्येकांस नवल वाटते. त्यातील मुखे व्हर्मीरच्या काळापेक्षा 1930 नंतरच्या चित्रपटांतील मुखांशी अधिक जुळतात. मग एवढ्या पंडितांस हे का दिसले नाही? ब्रेडियस लबाड नव्हते, अज्ञानीही नव्हते. पण ज्याची आयुष्यभर वाट पाहिली तेच दारात उभे राहिले, आणि मग राळ, भेगा, सफेता ह्यांची चौकशी कडकपणे करण्याची इच्छाच उरली नाही. व्हान मेगरेनने चित्र भट्टीत भाजले खरे, परंतु त्याचा मुख्य रंग पाहणाऱ्यांच्या मनातच तयार होता.

अम्माऊसच्या शिष्यांपुढे सत्य होते आणि त्यांस ते ओळखता आले नाही. रॉटरडॅमच्या पंडितांपुढे असत्य होते आणि त्यांनी ते तत्काळ ओळखले असे मानले. कोणी म्हणेल, श्रद्धेचा परिणाम हाच. आम्हांस तसे वाटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया नगरीच्या लोकांची प्रशंसा आहे, ती त्यांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकले म्हणून, आणि तसेच ते शास्त्राशी रोज ताडून पाहिले म्हणूनही. श्रद्धा परीक्षेस भीत नाही. परीक्षेस भितो तो भोळेपणा.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे आहे की, जी बातमी, जे पुस्तक, जी स्तुती आपणांस नावडती असेल, तिची परीक्षा आपण सहजच करतो. जी अगदी मनाजोगी असेल, तिची परीक्षा दुप्पट करावी. अम्माऊसचे ते चित्र बॉइमन्स संग्रहालयाने फेकून दिले नाही, जपून ठेविले आहे. आणि आमच्या मते ते योग्यच केले.